बर्फ आमचा, झळ शेजाऱ्याची

बर्फ करणाऱ्या यंत्राच्या माहितीपत्रकात एक गाव असतं. त्या गावात हवा २१ अंश सेल्सिअस असते आणि नळाला येणारं पाणी १० अंश. वीज मोजून २३० व्होल्ट. पाण्यात क्षार नाहीत, हवेत धूळ नाही आणि यंत्राच्या चारही बाजूंना हातभर मोकळी जागा आहे. अशा गावी आमचं यंत्र दिवसाला ५० किलो बर्फ देईल, असं पत्रकात छातीठोकपणे छापलेलं असतं. आता जिथे हवा २१ आणि पाणी १० आहे तिथल्या माणसाला बर्फ हवाय कशाला, हे कंपनीला कुणी विचारलेलं दिसत नाही. तो बिचारा आल्याचा चहा करून पीत असेल.

आमच्या दादाने हे यंत्र काशीत आणलं.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मावशीचं सासर ब्रह्माघाटाकडचं. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा ही काशीतली मराठी माणसांची जुनी वस्ती. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला गेलेले गागाभट्ट काशीचेच, आणि पुढे पेशवाईत तर पुण्याहून काशीला यायची रीघच लागली. त्यातले काही पुण्य बांधून परत गेले, काही राहिले. जे राहिले त्यांच्या घरात आजही बोलणं मराठीत, हिशोब हिंदीत आणि भांडण बनारसी बोलीत चालतं. दादाचं दुकान चौखंब्याच्या बाजूच्या एका गल्लीत आहे. थंडाई, लस्सी, सरबतं. म्हणजे धंदा सगळा बर्फाचा. दूध, बदाम, बडीशेप हे सगळं त्याला लावलेलं तोंडीलावणं.

यंत्र यायच्या आधी बर्फ यायचा तो सिल्लीचा. आपण जिला लादी म्हणतो ती. बर्फाच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याचं मोठं टाकं असतं, वर लाकडी फळ्यांची झाकणं. खारं पाणी शून्याखाली दहा अंशांपर्यंत उतरलं तरी गोठत नाही, म्हणून त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे सोडून द्यायचे. बाजूला अमोनियाचा कॉम्प्रेसर रात्रंदिवस धडधडत असतो. मोठी लादी पुरती गोठायला एक-दोन दिवस जातात. मग डबा वर ओढून साध्या पाण्यात बुचकळला की लादी कडेने सुटते आणि फरशीवर घसरत येते. तिथून पुढे भुसा, गोणपाट, सायकल ट्रॉली आणि मे महिना. वजन होतं ते कारखान्याच्या दारात. पैसे त्या वजनाचे. दुकानापर्यंत जे पोचतं ते आपल्या नशिबाचं.

ती गळती दादाने अनेक उन्हाळे सोसली. त्याला बोचलं ते वेगळंच. कारखान्यातून निघालेली सिल्ली लग्नातल्या कोल्ड्रिंकच्या टपात जाते, मासळीच्या पेटीत जाते आणि काशी असल्यामुळे लांबच्या गावाहून मणिकर्णिकेला निघालेल्या गाडीतही जाते. कुठली सिल्ली कुठे निघाली आहे, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. २०१८ साली आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाने आणि मग देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलं की खाण्याचा नसलेल्या बर्फात निळा रंग घाला, म्हणजे ओळखू येईल. नियम चांगला होता. पण त्याचा परिणाम असा झाला की पांढऱ्या बर्फाकडेही गिऱ्हाईक संशयाने बघायला लागलं. पेला हातात घेऊन, उन्हाकडे धरून, ‘भइया, बर्फ कहाँ का है?’ दादाला एकदा अभिमानाने उत्तर द्यायचं होतं: ‘यहीं का.’ त्या दोन शब्दांसाठी त्याने यंत्र घेतलं.

काशीत मोठी वस्तू विकत घेणं सोपं आहे, ती घरापर्यंत आणणं कठीण. टेम्पो मैदागिनच्या पुढे येईना. तिथून चार पल्लेदार. बर्फाचं यंत्र आडवं न्यायचं नसतं. आडवं केलं तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये उतरतं, मग ते उभं करून तासन्‌तास तसंच ठेवावं लागतं आणि घाईने चालू केलं तर कॉम्प्रेसर बसतो. हे दादाने पल्लेदारांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग गल्लीच्या पहिल्या वळणावर त्यांनी दादाला समजावून सांगितलं की उभं नेलं तर ते वळत नाही. शेवटी यंत्र इतकं तिरपं झालं की ते उभं म्हणायचं की आडवं, यावर वॉरंटीचा वकीलही गोंधळला असता. दुसऱ्या वळणावर सांड बसलेला होता. काशीत सांडाला उठवत नाहीत, त्याच्या उठण्याची वाट बघतात. वाट बघता बघता गल्लीतल्या प्रत्येकाने यंत्राच्या अंगावर छापलेलं सगळं वाचून काढलं आणि किंमत विचारली. दादाने सांगितली. त्यावर सगळ्यांचं मत पडलं की फसलास.

वहिनीने यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि नारळाचं पाणी आत उडू नये म्हणून यंत्रावर टॉवेल धरला. तेव्हाच मला कळलं की हे यंत्र दादाच्या नावावर असलं तरी चालवणार वहिनी.

आत काय चालतं ते तिनेच मला पुढचं झाकण काढून दाखवलं. उभी धातूची जाळी, चौकोनी खणांची, निकेलचा मुलामा दिलेली. तिच्या पाठीमागून गार नळी फिरते आणि पुढून पाण्याची पातळ चादर सतत खाली वाहत राहते. खाली टाकी, टाकीत पंप, पंप तेच पाणी पुन्हा वर चढवतो. वाहत्या पाण्यात गोठताना शुद्ध पाणी आधी खणाला चिकटतं. क्षार आणि हवेचे बुडबुडे मागे राहून धुऊन जातात. म्हणून यंत्राचा बर्फ काचेसारखा आरपार आणि घरच्या फ्रीजमधल्या ट्रेचा बर्फ पोटात ढग घेऊन बसलेला. खण भरले की मला आवडलेला प्रकार होतो. मघापासून गारवा देणाऱ्या त्याच नळीत यंत्र एकदम गरम वायू सोडतं. स्वतःच केलेल्या बर्फाला चटका देऊन सोडवतं. क्षणभर काहीच होत नाही, मग अख्खी चादर धाडकन खालच्या पेटीत. वहिनी ओट्यापाशी बसून बदाम सोलत असली तरी त्या आवाजावर मान न वळवता सांगते, ‘पडला.’ आवाज जरा उशिरा आला की बदाम बाजूला ठेवून उठते.

मागे राहिलेले क्षार जातात कुठे? काही त्याच टाकीत बसतात, काही प्रत्येक फेरीला थोडं पाणी सोडून देऊन यंत्र बाहेर टाकतं. काशीच्या नळाला गंगेचं पाणी येतं. भदैनीला ते नदीतून उचलतात, भेलूपूरला शुद्ध करतात. त्याच्या जोडीला कूपनलिकांचं पाणी आहेच, आणि ते जड. महिन्याभरात जाळीच्या खणांवर पांढरा थर चढला. खण खरखरीत झाले की बर्फ सुटत नाही. यंत्र चटका देत राहतं, बर्फ धरून बसतो, पुढची फेरी त्याच्यावरच चढते आणि शेवटी आत एक अखंड हिमालय तयार होतो. मिस्त्री आला, त्याने पेनासारखं दिसणारं टीडीएसचं यंत्र पाण्यात बुडवलं, आकडा बघितला आणि डॉक्टर रिपोर्ट बघून करतात तसं ‘हं’ केलं. मग त्याने थर काढायच्या द्रावणाची बाटली काढली. किंमत ऐकून वहिनीने बाटलीवरचं वाचलं. सायट्रिक ॲसिड.

‘म्हणजे लिंबूसत्त्व!’ वहिनी म्हणाली. ‘भाऊजी, हे माझ्या डब्यात पावशेर आहे.’

मिस्त्रीचं म्हणणं होतं की प्रमाण महत्त्वाचं, आणि ते खरंच. लिंबूसत्त्व चालेल, पण संडास धुवायचं ॲसिड चुकूनही नको, निकेलचा मुलामा खाऊन टाकतं. मिसळायचं, पंप तेवढा चालवायचा, गारवा बंद ठेवायचा, तास-अर्ध्या तासाने सगळं सोडून द्यायचं, दोन-तीनदा धुवायचं, मग जंतुनाशकाची एक फेरी, आणि त्यानंतरचा पहिला बर्फ फेकून द्यायचा. या शेवटच्या कलमावर मावशी अडली. बर्फ फेकायचा? काशीत, मे महिन्यात? तिने तो मातीच्या कुंडीत तुळशीला घातला. तुळस गारठली.

पाणी जड आहे ना, मग दादाने वर आरओ बसवला. एकदम शुद्ध पाणी. यंत्राने दिवा लावून कळवलं की पाणी संपलं आहे. टाकी काठोकाठ भरलेली, पाणी डोळ्यांना दिसतंय, हाताला लागतंय, यंत्र म्हणतंय पाणी नाही. या जातीच्या यंत्रात पाणी आहे की नाही हे दोन सळयांमधून वीज वाहते का यावरून ठरतं. वीज वाहून नेतात पाण्यातले क्षार. क्षारच काढून टाकले की यंत्राच्या लेखी पाणी उरत नाही. मिस्त्रीने आरओच्या पाण्यात थोडं नळाचं पाणी मिसळायला सांगितलं. म्हणजे आधी पैसे देऊन काढलेला जडपणा पुन्हा मोजून परत घालायचा. कुठल्याही सरकारी कचेरीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

मावशीने त्यावर उपाय काढला. मिसळायचंच आहे तर गंगाजल मिसळा. रोज सकाळी एक पळी. सगळ्यांना ही व्यवस्था पसंत पडली. फक्त दादाच्या कॉलेजातल्या मुलाने शंका काढली. शुद्ध पाणी तेवढं गोठतं, बाकीचं यंत्र बाहेर टाकतं. मग आजी, तुझ्या गंगाजलातलं गंगेचं म्हणून जे काही आहे ते बर्फात जातं की मोरीत? घरात शांतता पसरली. काशीत याहून लहान प्रश्नांवर पंडितांच्या सभा भरलेल्या आहेत. मावशीने मात्र पळी धुऊन जागेवर ठेवली आणि म्हणाली, ‘मोरीतलं तरी शेवटी कुठे जातं रे?’ नदीच्या शुद्धीकरणावर मी इतकं नेमकं वाक्य कुठल्या अहवालात वाचलेलं नाही.

बर्फाच्या पेटीचे नियम वहिनीने भिंतीवर लिहून लावलेत. हाताने बर्फ घ्यायचा नाही. पळा बर्फात रुतवून ठेवायचा नाही, बाहेरच्या खुंटीला अडकवायचा. पेला थेट पेटीत घालायचा नाही, कारण फुटला तर काच आणि बर्फ यांतला फरक फक्त जिभेला कळतो. चौथा नियम नंतर, वेगळ्या शाईने लिहिलेला आहे: ‘आंबे ठेवू नये.’

त्याचं कारण बनारसी लंगडा. याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण दादाच्या घरात त्याचं मानांकन त्याआधीही कमी नव्हतं. जून लागला, आंब्यांची पेटी आली, आणि घरात सगळ्यांत गार जागा कुठली हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी बघितलं तर यंत्र निवांत. आवाज नाही, दिवा हिरवा, बर्फ तळाशी. मिस्त्रीला बोलावलं. त्याने दाब बघितला, वायू बघितला, मोटर बघितली, प्रत्येक वेळी ‘हं’ केलं आणि दुपारपर्यंत कॉम्प्रेसर बदलायच्या निष्कर्षाच्या जवळ येऊन पोचला. तेवढ्यात वहिनीने झाकण उघडून आंबे काढायला सुरुवात केली. पेटीच्या वरच्या कोपऱ्यात एक तांब्याची बारीक नळी असते. बर्फ तिथवर चढला, तिला गार लागलं, की यंत्र समजतं पेटी भरली आणि थांबतं. त्या नळीला टेकून रात्रभर गारठलेला एक लंगडा बसला होता. आंबा काढला, पाच मिनिटांनी कॉम्प्रेसर गुरगुरला. मिस्त्रीने भेटीचे पैसे घेतलेच. आंबा त्याला वर दिला.

हे सगळं झालं घरातलं. खरी भानगड गल्लीत होती.

लोकांना वाटतं की हे यंत्र थंडी तयार करतं. थंडी तयार करता येत नाही. यंत्र एवढंच करतं की पाण्यातली गरमी उचलून दुसरीकडे नेऊन टाकतं. काशीत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ४० अंशांवर असतं. त्या पाण्याच्या एका किलोचा बर्फ करायचा तर आधी ४० किलोकॅलरी काढून ते शून्यावर आणायचं, मग गोठवायला आणखी ८०. झाल्या १२०. पत्रकातल्या गावी ९० मध्ये भागतं. शिवाय हे ओझं उचलून न्यायला जी वीज लागते तिचीही गरमीच होते. ही सगळी गरमी यंत्राच्या मागचा पंखा फुंकून बाहेर टाकतो. दादाच्या दुकानाच्या मागे सहा फुटांची गल्ली आहे. गल्लीच्या पलीकडे पंडितजींचा चबुतरा. पंडितजी त्यावर पन्नास वर्षं संध्याकाळचे बसत आले आहेत.

यंत्र बसल्याच्या तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी ते उठून दुकानात आले. आवाज चढवला नाही. काशीचा माणूस आवाज चढवत नाही, शब्द उतरवतो. म्हणाले, ‘भइया, बर्फ आपका, और लू हमारी?’

याला उत्तर नव्हतं. ऊष्मागतिकीचा दुसरा नियम इतक्या थोडक्यात सांगितलेला मी तरी ऐकला नव्हता. दादाने पंख्यापुढे पत्रा वाकवून झळ वर वळवली. ती पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत गेली. तिथे पंडितजींच्या सूनबाई राहतात. पत्रा सरळ केला. लोक काशीला आपली पापं टाकायला येतात आणि ती कुणाच्या दारात पडतात याची चौकशी न करता हलके होऊन परत जातात. यंत्राने तरी वेगळं काय केलं होतं? पण हे पंडितजींना सांगायची कुणाची छाती झाली नाही. रोज संध्याकाळी एक पेला थंडाई चबुतऱ्यावर पोचती व्हावी, यावर तह झाला. बर्फ जास्त.

त्या पंख्यापुढे जी पन्हाळीसारखी पातळ पात्यांची चौकट असते तिच्यात धूळ, कबुतराची पिसं, लस्सीच्या दुकानाची पीठसाखर आणि गल्लीतल्या अगरबत्तीचा धूर हे सगळं बसून आठ-दहा दिवसांत एक नमदा तयार होतो. मग गरमी बाहेर पडत नाही, आतला दाब वाढतो आणि दाबाची कळ यंत्र बंद करते. तसंही बहुतेक यंत्रांची सहनशक्ती ४३ अंशांच्या आसपास संपते. काशी दर उन्हाळ्यात ती ओलांडते. थोडक्यात, ज्या दिवशी बर्फाची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी दुपारी यंत्र हात टेकणार, ही गोष्ट त्याच्या स्वभावातच आहे. वहिनी दर आठवड्याला मऊ ब्रशने पाती झाडते, वरून खाली, पाती मुडपणार नाहीत अशी. दादा एकदा आडवा ब्रश मारत होता, तेव्हा तिने त्याच्या हातातून तो काढून घेतला. अजून परत दिलेला नाही.

विजेबद्दल फार लिहीत नाही, कारण तो विषय आपल्या वाचकांना शिकवायची गरज नाही. स्टॅबिलायझर आहे, तो दिवसभर टकटक करतो. वीज जाऊन आली की यंत्र लगेच चालू करायचं नसतं, नळ्यांमधला दाब समान व्हायला तीन-चार मिनिटं द्यायची असतात. तेवढा धीर फक्त वहिनीकडे आहे. बाकी माकडं. २०१५ मध्ये काशीच्या घाटांवर इंटरनेटसाठी टाकलेल्या ऑप्टिकल फायबरच्या तारा माकडांनी चावून टाकल्याची बातमी जगभर छापून आली होती, तेव्हा दादाच्या गच्चीवरच्या टाकीची नळी त्यांनी सोडावी अशी अपेक्षाच चुकीची. एक माकड मात्र वेगळं निघालं. वहिनी पेटी धुताना उरलेला बर्फ मागच्या पायरीवर ओतते. ते येऊन एक खडा उचलतं, गार लागला की या हातातून त्या हातात टाकतं, पुन्हा त्या हातातून या हातात, खडा संपेपर्यंत. मग रिकाम्या तळव्यांकडे बघतं आणि वहिनीकडे बघतं. पैसे मागितल्यासारखं.

यंत्राचा वीजबिलावरचा परिणाम गल्लीत कळल्यावर पंडितजींनी एका संध्याकाळी जाहीर केलं की पूर्वी इकडे बिनविजेचा बर्फ होत असे. मी मनात म्हटलं, आलं. आता पुष्पक विमान फार लांब नाही. पण हे खरं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातल्या रॉबर्ट बार्करने अलाहाबादेला आपल्या डोळ्यांनी पाहून १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ते सविस्तर लिहून ठेवलंय. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे करायचे, तळाला उसाची किंवा मक्याची वाळलेली चिपाडं पसरायची आणि त्यांवर झिलई न दिलेली, म्हणजे साध्या मातीची पसरट परळं ओळीने मांडायची. संध्याकाळी त्यांत उकळून गार केलेलं पाणी भरायचं. हिवाळ्याची निरभ्र, वारा पडलेली रात्र असली की पाण्यातली गरमी सरळ आभाळात निघून जाते, खालून चिपाडं जमिनीची ऊब अडवतात, आणि हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही परळात बर्फाची पापडी धरते. सूर्य उगवायच्या आत ती गोळा करून खोल खड्ड्यात गवत-घोंगड्यांत ठोकून भरायची, ती उन्हाळ्यात काढायची. साडेतेवीस ते साडेपंचवीस अक्षांशांच्या पट्ट्यात हे चालतं असं बार्कर लिहितो, आणि काशी २५.३ वर आहे. पंडितजींना मी हा आकडा सांगितला. त्यांना त्याची गरज नव्हती. त्यांना आजोबांनी सांगितलेलं होतं.

मला त्या पद्धतीतली एक गोष्ट फार आवडली. तिच्यात गरमी शेजाऱ्याच्या चबुतऱ्यावर जात नाही, आभाळात जाते. आभाळ दुकानात येऊन बोलत नाही.

पुढे बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये तळ्यातला बर्फ कापून जहाजाने कलकत्त्याला आणला. १८० टन निघाला, शंभरच्या आसपास पोचला. सिल्लीवाल्याचं प्रमाण याहून वाईट नाही आणि त्याच्याकडे जहाजही नाही. मुंबईत त्याच सुमारास, १८३४ ला, जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं. पाहुणे आणि यजमान दोघांनाही सर्दी झाली, असं ‘मुंबई समाचार’ने छापलं. मावशीला हे सांगितल्यावर तिला तो सर्वांत विश्वासार्ह इतिहास वाटला.

आता त्या झळीचा हिशोब. पंडितजींच्या खोलीला दीड टनाचा एसी आहे. त्याचंही बूड गल्लीतच, दादाच्या मागच्या दाराकडे तोंड करून. एसीचा हा ‘टन’ मुळात बर्फाचाच. अमेरिकन एक टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी गरमी शोषेल, तेवढी गरमी खेचण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फाचे कारखाने आधी आले, एसी नंतर आला, माप तेच राहिलं. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात आठ तास चालला की साडेचारशे किलो बर्फ वितळवण्याइतकी गरमी गल्लीत येते. दादाचं ५० किलोचं यंत्र मे महिन्यात भरतं तीस किलोच्या आसपास. ४० अंशांच्या पाण्यापासून धरलं तरी त्याची गरमी पंचेचाळीस किलो बर्फाच्या हिशोबाची. दहावा हिस्सा. दोघांच्या विजेची गरमी वर मिळवली तर अंतर बरंच कमी होतं, पण पारडं एसीचंच जड राहतं. हे गणित मी दादाला कागदावर करून दिलं. त्याने तो कागद घडी घालून गल्ल्यात ठेवला. म्हणाला, दाखवीन कधीतरी. अजून दाखवलेला नाही. पंडितजी हरले तर थंडाई बंद करावी लागेल, आणि ते चबुतऱ्यावर पेला घेऊन बसलेले बघून दुकानात चार गिऱ्हाइकं जास्त येतात.

डिसेंबरात मी पुन्हा तिकडे होतो, तेव्हा यंत्राची तब्येत उत्तम होती. हवा विशीत, पाणी गार, पाती स्वच्छ, धाडकन चादरीवर चादर. जवळजवळ पत्रकात लिहिलंय तेवढा बर्फ. घ्यायला कुणी नाही. सगळी गल्ली सकाळी मलइयोच्या दुकानापुढे उभी. तापवलेलं दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळतात आणि त्याचा केशरी फेस मातीच्या कुल्हडात देतात. ना कॉम्प्रेसर, ना वार्षिक देखभालीचा करार. दादाही रांगेत होता.

नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडच्या ज्या वाचकांना रसवंतीसाठी किंवा हॉटेलासाठी असं यंत्र घ्यायचं असेल त्यांनी ५० किलोला भुलू नये. हवा ३२ आणि पाणी २१ अंश असतानाचा वेगळा आकडा कंपनीकडे असतो, तो मागून घ्यावा आणि आपल्या मे महिन्यासाठी त्यातूनही कापून धरावा. यंत्र दुकानात कुठे बसेल हे नंतर ठरवा. आधी मागची झळ कुठे पडेल ते जाऊन बघा, आणि तिथे कोण बसतं ते विचारा. आणि उन्हाळ्यात काशीला जाऊन थंडाई प्यायची असेल तर सकाळी दहा-अकराला प्या. बर्फ रात्री होतो आणि दुपारी दोनपर्यंत संपतो.